लासूरच्या अलीकडून परत

सून विमान चालवते म्हटलं की लोकांना वाटतं, मोठ्या कंपनीत पायलट असेल, पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. तसं काही नाही. ती वाळूजला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सहा दिवस मशिनींच्या आवाजात असते आणि एखाद्या रविवारी फ्लाइंग क्लबचं चार सीटचं, पुढं एकच पंखा असलेलं विमान घेऊन हौसेनं उडते. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी शिकली. आमच्या पुंडलिकनगरात एखादीनं कार शिकायला घेतली तरी दोन दिवस बोलणं चालतं, तिथं आमच्या घराचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. सगळ्यात आधी नको म्हणाले ते मीच, आणि लायसन आल्यावर सगळ्यात जास्त मिरवलं तेही मीच. भाजीवालीला सांगितलं, बँकेतल्या शिपायाला सांगितलं, दात काढायला गेले तर तोंड उघडायच्या आधी डॉक्टरला सांगितलं.

त्या मिरवण्यातनंच पुढचं सगळं झालं.

माझी धाकटी बहीण लासूर स्टेशनला दिलेली. तिचं घर रुळापासून जवळ, वर मोठी गच्ची. एके दिवशी फोनवर ती तिच्या सुनेच्या नव्या गाडीचं सांगत होती. लई लांबवलं तिनं. मग माझ्या तोंडून निघून गेलं की, या रविवारी आम्ही दोघी विमानातनं तुझ्या गच्चीवरून जाणार आहोत, वर बघ. सुनेला मी तोवर विचारलंही नव्हतं. संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, विमानाची वेळ अशी कुणाला देत नसतात, आभाळ कसं असेल कुणी सांगावं. पण मी शब्द देऊन बसले होते, आणि सासूनं दिलेला शब्द सुनेनं मोडायचा नाही ही आमच्याकडची रीत. ती "बघू" म्हणाली. मी त्याचं "हो" करून टाकलं.

बहिणीनं तिकडं तयारीच लावली. गल्लीतल्या दहा-पंधरा बायका गच्चीवर बोलावल्या. आपलं घर वरनं ओळखू यावं म्हणून लाल साडी कठड्यावर अंथरून चारी टोकांना विटा ठेवल्या. आभाळातल्या बहिणीची ओटी कशी भरायची यावर त्यांच्यात वाद झाला म्हणे, आणि शेवटी ठरलं की विमान दिसलं की हळदीकुंकू वर उधळायचं. हे सगळं ती मला फोनवर सांगत होती आणि मी हसत होते.

मार्चमधला रविवार होता. नातीला शेजारच्या घरी सोडलं, मुलगा कामावर गेला होता. नऊ वाजता आम्ही क्लबात पोचलो. सुनेनं मोबाइलवर हवामान बघितलं, कुणाला तरी फोन केला, कागदावर काहीतरी लिहिलं. आभाळ धुतल्यासारखं होतं. पण त्या दिवशी कुणीतरी मोठा माणूस विमानानं येणार होता, तो येऊन जाईपर्यंत छोट्यांनी थांबायचं. आम्ही बाकावर बसलो. बारा वाजले, एक वाजला. बहिणीचे पाच फोन आले. दर वेळी मी म्हणाले, निघालोच. सून तेवढ्यात तीन वेळा बाहेर जाऊन पश्चिमेकडं बघून आली. एकदा म्हणाली, दुपारनंतर अवकाळीचं काही सांगता येत नाही, पुढच्या रविवारी जाऊ या का. मी म्हणाले, बायका उन्हात उभ्या आहेत.

तीन वाजता परवानगी आली. तिनं पुन्हा हवामान बघितलं. लासूरच्या पलीकडं, वैजापूरच्या अंगाला थोडे ढग होते, पण लांब. जाऊन यायला चाळीस मिनिटं. चला म्हणाली.

विमानाची देखभाल करणारे एक चाचा होते, पांढरी दाढी, हाताला तेलाचा वास. त्यांनी मला पायरीवर धरून वर चढवलं, पट्टा बांधला आणि समजावलं, "अम्मा, ये पट्टा ढीला नको करो, और सामने किसी चीज को हाथ नको लगाओ." मी साडीचा पदर कमरेला घट्ट खोचला. सुनेनं माझ्या डोक्यावर हेडफोन घातला, त्यातनं तिचा आवाज थेट कानात यायला लागला. ती म्हणाली, मी हात वर केला की बोलायचं थांबवायचं, मी रेडिओवर ऐकत असते. मी बरं म्हणाले. निघेपर्यंत तिनं चारदा हात वर केला.

वर गेल्यावर मला काही भीती वाटली नाही. शहर खाली सरकत गेलं, पाण्याच्या टाक्या बश्यांसारख्या दिसल्या, मग रूळ दिसायला लागले आणि ती रुळांच्या कडेकडेनं निघाली. तिचं लायसनच तसं आहे, डोळ्यांनी बघून उडवायचं. खाली रस्ता, रूळ, तलाव दिसले पाहिजेत आणि समोर मोकळं पाहिजे. ढगात शिरायचं नाही. हे तिनं मला घरी पूर्वी सांगितलं होतं, मी हं हं केलं होतं. माझ्या बाजूनं दौलताबादचा डोंगर गेला. मी म्हणाले, केवढासा दिसतोय. ती म्हणाली, केवढासा नाही आई, म्हणून तर लांबून चाललोय.

पोटूळ स्टेशनच्या पुढं गेलो असू. समोरचं आभाळ, सकाळी जे निळं होतं ते, पोतेऱ्याच्या पाण्यासारखं दिसायला लागलं. मला वाटलं धूळ असेल. सुनेनं मान पुढं काढून बघितलं, रेडिओवर काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं. मग म्हणाली, "आई, परत फिरू या."

मला अजून तिचा तो आवाज आठवतो. साधा होता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा.

आणि मी म्हणाले, "अगं, आलोच की आता. त्या बाया सकाळधरनं गच्चीवर उभ्यात. पाच मिनिटांचं तर काम."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं खालचा ओठ दातात धरला होता. घरात एखादी गोष्ट पटली नाही आणि तरी करायची असली की ती तसं करते, मी बारा वर्षं बघत आलेय. मला कळलं होतं. कळूनही मी पुढं म्हणाले की तिचं तोंड मला नंतर वर्षभर सोसावं लागेल. बहिणीचं तोंड.

"बरं," ती म्हणाली. "पाच मिनिटं. पण मी फिरते म्हणाले की फिरणार."

दोन मिनिटंही नाही झाली. आधी विमान खाली आदळल्यासारखं झालं, जसं एसटी खड्ड्यात जाते, फक्त खड्ड्याला बूड नव्हतं. माझं पोट वर राहिलं आणि मी खाली. मग काचेवर थेंब आले, एक एक, जाडे. समोरचे रूळ आहेत आहेत म्हणेपर्यंत नाहीसे झाले. ती थोडी खाली आली, रूळ शोधायला. खाली शेतं दिसली, पिवळा गहू वाऱ्यानं एकाच अंगाला झोपलेला, आणि मग तेही पुसलं गेलं. उजव्या बाजूला वीज चमकली. आवाज आला नाही, इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, आणि आवाज न येणारी वीज जास्त वाईट वाटते.

मी बोलायला लागले. काय बोलत होते आठवत नाही. देवाचं नाव घेत होते, आणि मध्येच म्हणत होते की जाऊ दे, मी सांगते तिला, फिर. तिनं हात वर केला नाही. हात मोकळाच नव्हता. ती म्हणाली, "आई, एकदम गप्प."

बारा वर्षांत तिनं मला असं म्हटलं नव्हतं. मी गप्प झाले.

चारी बाजूंनी पांढरं होतं. दुधात बुडवून ठेवल्यासारखं. वर आणि खाली यात फरक राहिला नव्हता. ती बाहेर बघतच नव्हती. समोरच्या घड्याळांकडं बघत होती आणि आकडे स्वतःशी म्हणत होती, हळू, एका लयीत, शाळेतली पोर पाढे म्हणते तसे. मला कळलं की ती वळवतेय, पूर्ण मागं. वळण संपल्यावर तिनं सांगितलं, आता सरळ आहोत. पण माझं सगळं अंग सांगत होतं की आपण डावीकडं कलंडलोय, कलंडतच चाललोय. मी दाराला धरलं. समोर एका घड्याळात छोटंसं विमान काढलेलं असतं, ते मात्र अगदी सरळ होतं. ती स्वतःशीच म्हणाली, घड्याळ खरं, पोट खोटं. म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं. ते ऐकून मला जी भीती वाटली ती आधी वाटली नव्हती. तोवर मला वाटत होतं की मला दिसत नाही, पण तिला दिसतंय.

नातीला शेजारी ठेवताना तिची वेणी अर्धीच घातली होती, उशीर होतोय म्हणून. ते आठवलं. माझं काय, माझं झालं सगळं. पण त्या पोरीची आई मी या पांढऱ्यात आणून बसवली होती, एका गच्चीसाठी.

किती वेळ गेला? सुनेनं नंतर सांगितलं, चार मिनिटं. मला विचाराल तर एक बाळंतपण होईल एवढा.

मग पांढऱ्याला मध्ये मध्ये तपकिरी ठिगळं दिसली. जमीन. पाऊस तसाच, पण जमीन दिसत होती. सुनेनं मोठा श्वास सोडला, तो हेडफोनमधनं माझ्या कानात आला. तिनं विमानतळावरच्या टॉवरला सांगितलं. तिकडून एका माणसाचा आवाज आला, शांत, दुकानात बसून बोलावं तसा. तिनं मला नंतर समजावलं की तो काय म्हणाला: विमानतळावरच वादळ येऊन ठेपलंय, वारा आडवा आहे, आत्ता इकडं येऊ नका, दक्षिणेला मोकळं आहे, पैठण रोडच्या बाजूला जाऊन थांबा. थांबा म्हणजे गोल गोल फिरत राहा. विमानाला दुसरं थांबणं नाही.

ती होकायंत्र बघून दक्षिणेकडं निघाली. पण रूळ सुटले होते, आणि आपण नेमके कुठं आहोत ते तिला डोळ्यांनी ताडून बघायचं होतं. डोंगर कुठल्या बाजूला राहिले हे माहीत पाहिजे ना. ती म्हणाली, "आई, तुमच्या बाजूला खाली काय दिसतंय? दिसतंय तेवढंच सांगा."

मी बघितलं. म्हणाले, विहीर. शेततळं. एक पांढरी गाडी. ती म्हणाली, मोठं काही. मग रस्ता दिसला, रुंद, सरळ, आणि त्याच्या कडेला निळ्या पत्र्यांची लांब लांब छपरं.

"चितेगाव," मी म्हणाले.

माझ्या यजमानांनी चितेगावच्या कारखान्यात उभी नोकरी काढली. त्या रस्त्यानं मी किती वेळा गेले असेन. पण सुनेनं माझ्याकडं न बघता विचारलं, "खात्री आहे का? नसेल तर नाही म्हणा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

माझ्या जिभेवर हो होतं. जन्मभर मी असंच करत आले, कुणी पत्ता विचारला तर माहीत नसला तरी हात करून दाखवायचा, माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये. मी तोंड मिटलं आणि पुन्हा खाली बघितलं. निळे पत्रे वाळूजलाही असतात, सगळीकडं असतात.

"नाही," मी म्हणाले. "खात्री नाही."

"ठीक. बघत राहा."

ती रस्त्याच्या कडेनं निघाली. माझे डोळे पाणावलेले, चष्म्यावर वाफ, मी पदरानं पुसत होते आणि बघत होते. एक धुराडं गेलं. ते ओळखीचं वाटलं, पण मी बोलले नाही. मग एक कमान, एक शाळेचं मैदान, आणि त्याच्या पलीकडं कंपनीच्या क्वार्टरच्या दोन रांगा, मधोमध वडाचं झाड. त्या दुसऱ्या रांगेत आम्ही नऊ वर्षं राहिलो. वरनं झाड शेणीसारखं दिसत होतं, पण रांगा त्याच. एका रांगेला सहा घरं, दुसरीला पाच, सहावं कधी बांधलंच नाही. मी मोजली. सहा आणि पाच.

"चितेगाव आहे," मी म्हणाले. "आता खात्री आहे. शहर आपल्या मागं राहिलं."

तिनं मान हलवली. टॉवरला सांगितलं. त्यानंतर आम्ही त्या रस्त्यावर फेऱ्या मारत राहिलो, मोठ्या मोठ्या, देवळाला घालतात तशा. उत्तरेला शहरावर काळं होतं, आत विजा होत्या. आमच्यावर ऊन पडलं होतं, हेच विचित्र. मी तेल किती आहे विचारलं नाही. काट्याकडं मात्र सारखी बघत होते. तो काटा कसला आहे हेही मला माहीत नव्हतं. मग तिनंच सांगितलं, दीड तासाचं आहे, काळजी करू नका, आणि तुम्ही बघताय तो तेलाचा काटा नाही.

पाऊण तासानं टॉवरनं बोलावलं. पहिल्यांदा उतरायला गेलो तर वाऱ्यानं विमान आडवं ढकललं, रनवे समोर असायचा तो माझ्या खिडकीत आला. चाकं टेकायच्या आधी तिनं पुन्हा वर घेतलं. मी पट्टा दोन्ही हातांनी धरला होता, पण शब्द काढला नाही. दुसऱ्यांदा एक चाक टेकलं, मग दुसरं, मग पुढचं. ओल्या रनवेवरनं पाणी उडत गेलं आणि आम्ही नुसतं गाडीसारखं चालायला लागलो.

चाचा धावत आले होते. त्यांनी मला उतरवलं. स्टूल आणून तिथंच बसवलं आणि विमानाभोवती एक चक्कर मारून आले.

सुनेला शिकवणारे सर क्लबच्या ऑफिसात होते. वयानं माझ्या मुलाएवढे, पण बघितल्यावर उभं राहावंसं वाटतं असा माणूस. त्यांनी आधी तिला पाणी दिलं. मग विचारलं की पहिल्यांदा ढग कधी दिसले. तिनं वेळ सांगितली. फिरलीस कधी? तीही सांगितली. मध्ये तीन मिनिटं होती. सर म्हणाले, ही तीन मिनिटं कशाची?

ती खाली बघत राहिली. माझं नाव घेणार नव्हती. आमच्याकडं घेत नाहीत. आमटी खारट झाली आणि मीठ सासूनं टाकलं असलं तरी पाहुण्यांपुढं सून म्हणते, माझ्याच हातनं पडलं.

मी म्हणाले, "सर, ती तीन मिनिटं माझी आहेत. ती फिरू या म्हणाली होती. मी पुढं चल म्हणाले."

मला वाटलं आता ते मला बोलतील आणि ती सुटेल. तसं झालं नाही. सर माझ्याशी लई नम्रपणं बोलले. म्हणाले, काकू, तुम्ही काहीही म्हणू शकता, तुमचा हक्क आहे. ऐकायचं की नाही हे तिनं ठरवायचं असतं. मग तिच्याकडं वळून म्हणाले, "चूक कुणाची?"

"माझी सर," ती म्हणाली. या वेळी तिनं खाली बघितलं नाही.

मला ते फार लागलं. माझी चूक मी पुढं केली तरी कुणी घेईना. तिथं माझ्या वयाला काही भाव नव्हता, आणि म्हणूनच माझ्या कबुलीलाही नव्हता.

घरी निघालो. गाडी तीच चालवत होती. सेव्हन हिलच्या पुलाच्या अलीकडं तिनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. मी पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी नाही म्हणाले की तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू.

"वाटू द्या. पण मी नाहीच म्हणणार."

मी मान हलवली. 'पुढच्या वेळी' असं ती म्हणाली, म्हणजे मला पुन्हा नेणार होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

घरी येऊन नातीची वेणी सोडून नीट घातली. कुणाला काही सांगितलं नाही. मुलगा आल्यावर तिनंच सांगितलं, पहिल्यापासून, तीन मिनिटांसकट. तो जेवायचा थांबला. माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाला की उद्या सुट्टी घे. मी दुसऱ्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन. रुसलेली. "अक्का, आमी चार वाजंपर्यंत उभ्या हुतो. बायका मला लई बोलल्या. तुझ्या सुनंला जमलं नाय व्हय?"

मी विचारलं, चारनंतर काय झालं. म्हणाली, काय होणार, गारा पडल्या, पळत खाली आलो. केवढ्या? लिंबाएवढ्या असतील, गच्चीवरची टाकी फुटली, साडी कुठं उडून गेली कुणास ठाऊक.

मी म्हणाले, तिला जमलं गं. सगळं तिलाच जमलं. मी तिला भरीस घातलं होतं. बहिणीला काही ते पटलं नाही. म्हणाली, दे तिला फोन, मी बोलते तिच्याशी, पुढच्या रविवारी यायचंच म्हणून सांगते, बायकांना मी शब्द दिलाय.

सून समोरच चहा गाळत होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये मध्ये हो मावशी, बरोबर आहे मावशी म्हणाली. पलीकडून आवाज चढत होता, मला इथपर्यंत ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "नाही मावशी. पुढच्या रविवारी नाही. येईन, पण दिवस आधी सांगणार नाही. आभाळ बघून निघेन, आणि अर्ध्यातनं परत फिरले तर फिरले."

मग बहिणीनं विचारलं असावं की तुझ्या सासूला चालतंय का हे, कारण सुनेनं फोन कानापासून थोडा दूर केला आणि माझ्याकडं बघितलं.

मी चहाचा कप उचलला आणि फुंकर मारत राहिले. काय सांगायचं ते तिनं सांगावं.